'पोट्ट्यात दम आहे' या वाक्याविरुद्ध

"पोट्ट्यात दम आहे." नागपूरच्या आणि विशेषतः कामठीच्या फुटबॉल मैदानांच्या कडेला उभे राहून हे वाक्य प्रस्तुत लेखकाने इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येऊ लागला आहे. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: पोट्टा म्हणजे पोरगा. त्यात तुच्छता असतेच असे नाही. बऱ्याचदा लाडच असतो.) वाक्य वरवर पाहता कौतुकाचे आहे. सतरा-अठरा वर्षांच्या एखाद्या फॉरवर्डने दोन बॅक चुकवले, की कुठून तरी ते उमटते आणि मग पुढची वीस मिनिटे कडेची माणसे त्यावर हिरिरीने भांडतात. दम आहे की नाही, किती आहे, कुठपर्यंत जाईल. ज्या खेळावरून हे भांडण सुरू झाले तो खेळ समोर चालूच असतो आणि त्याकडे कुणाचे लक्ष नसते.

या वाक्याला माझा आक्षेप आहे. साहित्याच्या लोकांनी तो ऐकावा असे वाटते, कारण हेच वाक्य आपण अधिक शुद्ध मराठीत रोज लिहितो. आपल्याकडे त्याला 'आश्वासक' म्हणतात.

आधी प्रसंग सांगतो. कामठी हे कन्हान नदीकाठचे छावणीचे गाव. इंग्रजांच्या पलटणींनी फुटबॉल तिथे आणला असणार. पलटणी गेल्या, खेळ गावाने ठेवून घेतला. रब्बानी, यंग मुस्लिम ही नावे नागपूर परिसरात फुटबॉल पाहणाऱ्याला सांगावी लागत नाहीत. मी सांगतो आहे तो सामना मात्र अशा नामवंत संघांचा नव्हता. हिवाळ्यातली दुपार, गवतापेक्षा मुरूम अधिक असलेले मैदान, दोन-अडीचशे माणसे. एका संघाचा फॉरवर्ड चांगला होता. चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळे. पाठीवर बॅक घेऊन वळे. मात्र प्रत्येक वेळी उजवीकडेच वळे.

माझ्या आसपास चार माणसे त्याच्याविषयी बोलत होती. युरोपातल्या एका क्लबची जर्सी घातलेला तरुण म्हणाला, याला डावा पायच नाही, वरच्या लेव्हलला एक दिवस टिकणार नाही. पानठेल्यावाल्याला सगळेच आवडत होते: "काय खेळते बाप्पा!" चेंडू बाहेर गेला तरी काय खेळते बाप्पा. तिसरे गृहस्थ स्वतः एके काळी खेळलेले. आमच्या वेळी असे पोट्टे राखीवमध्ये बसत, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचा पुतण्या त्या दिवशी राखीवमध्येच बसला होता, हे मला नंतर कळले. चौथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काकाजी. ते बराच वेळ गप्प होते.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकांचे, म्हणजे रसिक-समीक्षकांचे, चार प्रकार सांगितले आहेत. काहीच न रुचणारा तो अरोचकी, गवतासकट सगळे गिळणारा तो सतृणाभ्यवहारी, तिसरा मत्सरी, आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, हजारात एखादा. एम. ए.च्या वर्गात ही यादी पाठ करून घेतली जाते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. मला ती त्या दिवशी मैदानाच्या कडेला जिवंत उभी दिसली. (याच राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला, लावून दिले आहे. तेव्हा त्याला कामठीला आणणे फार लांबचे नाही.) शिवाय प्रतिभेचे दोन भाग त्याने केले आहेत. कारयित्री ती कवीची, भावयित्री ती भावकाची. चर्चा नेहमी पहिलीची होते. पोट्ट्यात आहे का? पाहणाऱ्यात आहे का, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बॉल नसताना पाहा न त्याला, भाऊ."

मी पाहू लागलो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू दोन-तीन मिनिटांहून फारसा अधिक नसतो. उरलेल्या वेळात फॉरवर्ड काय करतो यावर तो फॉरवर्ड आहे की नुसता कसरतपटू, हे ठरते. हा मुलगा काय करत होता? डावीकडून चेंडू पुढे येऊ लागला की तो जवळच्या खांबाकडे जोरात धावे. स्टॉपर त्याच्यामागे ओढला जाई आणि मधोमध दहा-बारा पावलांची मोकळी जागा पडे. लेफ्ट हाफने चेंडू तिथे टाकायचा आणि मागून कुणीतरी शिरायचे. पहिल्यांदा तो धावला. लेफ्ट हाफने मान वर केली नाही. दुसऱ्यांदा धावला, लेफ्ट हाफने चेंडू मागे दिला. तिसऱ्यांदा तो धावला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आणि कडेवरून आवाज आला, "आळशी आहे बे!"

मी एवढे पाहिले आणि माझे मत बनले. त्या मुलात जे होते ते आमच्या डोळ्यांदेखत वीस मिनिटांत निम्मे झाले. ते कुठे वाहून गेले? तो धावला तेव्हा ते होते. चेंडू आला असता तर ते आणखी झाले असते. म्हणजे ज्याला आपण 'दम' म्हणतो तो विहिरीतल्या पाण्यासारखा त्याच्या पोटात साठवलेला नव्हता. तो त्याच्या आणि त्या मान खाली घातलेल्या लेफ्ट हाफच्या मध्ये कुठेतरी होता. आणि लेफ्ट हाफविषयी त्या दुपारी कुणीही एक अक्षर बोलले नाही.

आता मोठे उदाहरण. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारतीय संघाच्या आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. महाराष्ट्रात त्याचे झाले तेवढे कौतुक योग्यच होते. भारताने तिन्ही सामने गमावले: अमेरिकेविरुद्ध ०-३, कोलंबियाविरुद्ध १-२, घानाविरुद्ध ०-४. एकमेव गोल जॅक्सन सिंग या मधल्या फळीतल्या खेळाडूचा, तोही कॉर्नरवरून हेडरने. लगेच निवाडे सुरू झाले. फॉरवर्डमध्ये धार नाही. नाही, वय लहान आहे, दम आहे. नाही, शरीर कमी पडते. बहुतेक वेळ स्वतःच्या अर्ध्यात बचाव करणाऱ्या संघाच्या फॉरवर्डला तीन सामन्यांत चेंडू कितीदा मिळाला असेल, हा हिशेब या वादात फारसा निघाला नाही.

पुढे अनिकेत इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा संघांकडून खेळला, तो बहुधा कडेने. हे त्याच्या गुणांविषयी काय सांगते? माझ्या मते फार थोडे. या लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत, २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत, सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. एलानो, कोरो, ओगबेचे, दियामांताकोस, अलादीन अजाराई. नावांची यादी वाचत जा. क्लबला याच हंगामात गोल हवे असतात, म्हणून मधल्या फॉरवर्डची जागा परदेशी खेळाडूला जाते आणि भारतीय मुलगा कडेला सरकतो. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी, असा नियम आला. ते चौघे कुठे खेळतात हे पाहिले की बाकीचे कळते. मग आपण विचारतो, "छेत्रीनंतर कोण?" जून २०२४ मध्ये निवृत्तीच्या सामन्यापर्यंत सुनील छेत्रीच्या नावावर देशासाठी ९४ गोल होते. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशीतल्या त्या माणसाला परत बोलवावे लागले. यात बरेच काही आले. जी जागा कुणाला शिकण्यासाठी दिलीच नाही तिच्यासाठी तयार माणूस सापडत नाही, याचे खापर आपण मुलांमधल्या 'पोटेन्शियल'च्या अभावावर फोडतो.

वयाची गोष्टही अशीच. वयोगटांच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले प्रमाणाबाहेर निवडली जातात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. कारण साधे आहे. पंधराव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि खांद्यात थोडे मांस. निवडणारा त्याला गुण समजतो. निवडलेल्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सामने मिळतात, आणि तीन वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळू लागतो. मग निवडणारा म्हणतो, बघा, मी ओळखले होते.

इथवरचे पुष्कळांना पटेल. पुढचे कदाचित पटणार नाही.

नागपुरात फुटबॉल म्हटले की आज बाहेरच्या माणसाला 'झुंड' आठवतो आणि त्यामागचे विजय बारसे. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिकवणाऱ्या बारसे यांनी २००१ साली वस्तीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी सामने भरवले. आधी त्याचे नाव झोपडपट्टी फुटबॉल होते, पुढे स्लम सॉकर. या कामाविषयी मला आदर आहे. माझा राग आहे तो त्याविषयी बोलल्या जाणाऱ्या भाषेवर. चिखलातले कमळ, उकिरड्यावरचा हिरा, उपजत देणगी, रक्तातच आहे यांच्या. ही विशेषणे वस्तीतल्या मुलालाच का लागतात? महागड्या अकादमीतल्या मुलाने चेंडू नीट अडवला तर आपण त्याला 'तयारीचा' म्हणतो. वस्तीतल्या मुलाने तेच केले तर 'नैसर्गिक'. म्हणजे पहिल्याचे श्रम मोजले आणि दुसऱ्याचे निसर्गाच्या खात्यावर जमा केले. ज्या मुलाने अरुंद गल्लीत, नालीच्या कडेने, रोज चार-चार तास तळव्याने चेंडू ओढण्याचा रियाज केला त्याला सांगायचे की हे तुला फुकट मिळाले आहे. आणि मोठ्या मैदानावर तो चेंडू लवकर सोडत नाही असे दिसले, की म्हणायचे, शिस्त नाही! गल्लीत चेंडू सोडणे म्हणजे चेंडू गमावणे असते, हे त्याचे शिक्षण, शिस्तही तीच. शंभर मीटरच्या मैदानाचे दुसरे शिक्षण त्याला कुणी दिले का, हा प्रश्न पुढचा.

साहित्याच्या वाचकाला हे ओळखीचे वाटले पाहिजे. दलित आत्मकथने आली तेव्हा त्यांच्या स्वागतात 'अनुभवाचा जिवंतपणा', 'दाहकता', 'अस्सलपणा' हे शब्द किती आले आणि 'रचना' हा शब्द किती आला, ते कुणीतरी मोजावे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याला आपली कथा सांगतो. ही निवड आहे, कारागिरी आहे. आठवणी आपोआप सांडल्याने असे होत नाही. पण आपण वर्षानुवर्षे वर्गात ते पुस्तक 'भोगलेले आयुष्य' म्हणून शिकवले. शैली मर्ढेकरांना, अनुभव दया पवारांना. हा कौतुकाचा आव आणून केलेला अन्याय आहे आणि मैदानावरच्या 'उपजत'मध्ये नेमका तोच आहे. चौदा ऑक्टोबर १९५६ ज्या शहरात घडले तिथे जन्माने मिळालेल्या गुणांची भाषा इतक्या सहज बोलली जावी, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

कुणी म्हणेल, प्रतिभा तर आपल्या परंपरेनेच मानली आहे. मानली आहे, पण कशी? मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचा हेतू सांगितला, आणि 'हेतू' हा शब्द मुद्दाम एकवचनात ठेवला. ही तीन वेगळी कारणे नव्हेत, तिन्हींचे मिळून एकच कारण. दंडी तर आणखी व्यवहारी. ती अद्भुत प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि प्रयत्नाने वाणीची उपासना करणाऱ्यावर ती काही ना काही कृपा करतेच, असे तो सांगतो. जगन्नाथ पंडिताने प्रतिभा हेच एकमेव कारण मानले, हे खरे. पण ती प्रतिभा व्युत्पत्ती आणि अभ्यास यांतूनही उपजू शकते हे त्यालाही मान्य करावे लागले. शेकडो वर्षांपूर्वी हे लोक जितके सावध होते तितके आपण राहिलेलो नाही. मम्मटाचे एकवचन मैदानावर आणले तर 'पोट्ट्यात दम आहे' हे वाक्य अपुरे ठरते. शिकवणारा कोण, सामने किती, मैदान कुठे, हे त्याच वाक्याचे भाग होतात. मैदानाचे तर विचारूच नका. सभा, प्रदर्शने, लग्नाचे मंडप यांतून उरलेल्या दिवसांत ते खेळाचे असते, आणि मंडपाचे खिळे पुढचे काही दिवस मुलांच्या तळव्यांना सापडत राहतात.

'झुंड'विषयी माझ्या फुटबॉलवेड्या मित्रांची एक तक्रार आहे. ४ मार्च २०२२ ला तो आला तेव्हापासून ती ऐकतो आहे: सिनेमात फुटबॉल कमी आहे. वस्तीची मुले आणि कॉलेजचा संघ यांचा सामना मध्येच होऊन जातो आणि मग उत्तरार्धभर कागदपत्रे, दाखले, पासपोर्ट, पोलिसांतले नाव. अंकुशचा खेळ पुढे कसा सुधारला ते दाखवलेच नाही! मला वाटते, नागराज मंजुळे यांना कामठीच्या प्रेक्षकांपेक्षा फुटबॉल अधिक कळला आहे. अंकुश परदेशात खेळेल की नाही याचा निकाल त्याच्या डाव्या पायावर नव्हे, तर पोलीस ठाण्यातल्या एका कागदावर अवलंबून आहे, हे त्यांनी जवळजवळ कंटाळा येईपर्यंत दाखवले. रिंकू राजगुरूच्या पात्राला आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी बापासोबत दारोदार फिरावे लागते. तो कंटाळा हाच आशय आहे. (चित्रपट लांबला आहे, हेही खरेच. पण तो मुद्दा वेगळा.)

ज्या होमलेस वर्ल्ड कपकडे ही मुले जातात त्याचा एक नियम आमच्या वादपटूंनी लक्षात घ्यावा. एका खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझला सुरू झालेली ही स्पर्धा. गोलकीपरसह चार जणांचा संघ, भोवती कठडा असलेले छोटे मैदान, सात-सात मिनिटांचे दोन अर्ध. 'पुढे कुठपर्यंत जाईल' या प्रश्नाची सोयच तिथे ठेवलेली नाही. चौदा मिनिटांत तो काय करतो तेवढेच पाहायचे. मला हा नियम समीक्षेलाही लावावासा वाटतो. पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत 'पुढील लेखनाविषयी अपेक्षा वाढवणारा' असे लिहायला बंदी. या पुस्तकात काय आहे ते लिहा. नसेल तर तसे लिहा. आश्वासन कवीने दिलेलेच नसते. ते प्रस्तावनाकार त्याच्या वतीने देतो आणि दहा वर्षांनी ते पाळले नाही म्हणून कवीलाच धरतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. निवड तर करावीच लागते. जागा अकरा, मुले साठ. कुणीतरी उद्याचा अंदाज बांधणारच. माझे म्हणणे एवढेच आहे की अंदाज बांधणाऱ्याने आपण काय पाहिले ते सांगावे. "डावीकडे वळत नाही" हे निरीक्षण आहे. ते तपासता येते, त्यावर सहा महिने काम करता येते, ते चुकीचेही ठरू शकते. जर्सीवाल्या तरुणाने तेवढे पाहिले होते याचे श्रेय मी त्याला देतो. पुढे 'एक दिवस टिकणार नाही' म्हणताना त्याने पाहणे थांबवले. "दम आहे" हे मात्र निरीक्षणच नव्हे. ते कधी चूक ठरत नाही. मुलगा पुढे गेला तर आम्ही म्हटले होते. नाही गेला तर दम होता, पण पोट्ट्याने माती केली. बोलणारा दोन्हीकडून सुरक्षित. धोका पत्करायचा तो फक्त त्या सतरा वर्षांच्या मुलाने.

सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास त्याला बाहेर काढले. बदली आलेला मुलगा म्हणजे त्या गृहस्थांचा पुतण्या. तोही वाईट खेळला नाही. आमच्या फॉरवर्डने मोजे खाली केले, पाण्याची बाटली डोक्यावर ओतली आणि पाठ करून बसला. पानठेल्यावाला हळहळला: "दम होता पण पोट्ट्यात." अर्ध्या तासात 'आहे'चे 'होता' झाले होते.

काकाजींनी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने विचारले, "अन् तो लेफ्ट हाफ कोणाचा पोट्टा आहे? त्याले मान वर करून खेळाले कोण शिकवते?" आजूबाजूला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. फॉरवर्डचे नाव, त्याच्या बापाचे काम, त्याचे घर, सगळे तिथल्या दहा जणांना ठाऊक होते. लेफ्ट हाफचे नाव कुणालाच सांगता आले नाही.